पिंग जातो, तरी व्हीपीएन चालत नाही

काम इंदूरच्या एका सहकारी बँकेचे होते. मुख्य कार्यालय आणि सर्व्हर इंदुरात. शाखा देवास, पीथमपूर, उज्जैन, ग्वाल्हेर आणि एक बडोद्याला. सगळ्यांना सेवादात्याच्या बॅकबोनवरून एका खासगी जाळ्यात आणायचे, म्हणजे एमपीएलएस लेअर-३ व्हीपीएन: पॅकेटला चिकटवलेल्या लेबलवरून वाहतूक, आणि प्रत्येक ग्राहकाचे वेगळे खासगी जाळे (व्हीपीएन). या पद्धतीचा आराखडा १९९९ साली आरएफसी २५४७ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात आला, २००६ मध्ये आरएफसी ४३६४ ने त्याची जागा घेतली, आणि गाभा आजही तोच आहे. बँकेच्या दारातला राउटर तो सीई, आमच्या, म्हणजे सेवादात्याच्या, जाळ्याच्या कडेचा तो पीई, मधले ते पी. पी राउटरला ग्राहकाचा एकही पत्ता माहीत नसतो. तो फक्त वरचे लेबल बघून पॅकेट पुढे ढकलतो.

या कामात व्हीआरएफच्या, म्हणजे पीईवरच्या त्या ग्राहकाच्या वेगळ्या रूटिंग टेबलाच्या, ओळी लिहायला फार वेळ लागत नाही. वेळ जातो तो खालचा थर सरळ आहे की नाही हे ठरवण्यात, आणि तिथे साधा पिंग (पलीकडचा पत्ता उत्तर देतो का ते बघणारी चाचणी) सर्वांत जास्त फसवतो. पीई ते पीई पिंग लागला म्हणजे रस्ता मोकळा, असे समजून लोक व्हीआरएफमध्ये चुका शोधत बसतात. लेबलचा रस्ता तुटलेला असला तरी तो पिंग लागतोच, कारण लेबल नसेल तर मधले राउटर तेच पॅकेट साध्या आयपी रूटिंगने पोचवतात. व्हीपीएनच्या पॅकेटला ती सोय नाही. त्यातला पत्ता पी राउटरच्या टेबलात नसतोच.

म्हणून आम्ही खालून सुरुवात केली. इंदूरला दोन पीई, उज्जैनला एक, ग्वाल्हेरला एक. ग्वाल्हेरकडे दोन मार्ग: एक एबी रोडला (आग्रा-मुंबई रस्त्याला) धरून देवास, शाजापूर, ब्यावरा, गुना, शिवपुरीवरून, दुसरा भोपाळ, बीना, झाशीवरून. आतले रूटिंग ओएसपीएफ (राउटर आपसांत मार्ग कळवतात तो प्रोटोकॉल), सगळे एरिया शून्यात. लूपबॅक पत्ते (राउटरचे स्वतःचे, कुठल्याही एका तारेवर अवलंबून नसलेले) १०.२५५.०.१ पासून पुढे, आणि प्रत्येकाचा मास्क /३२, म्हणजे एकच पत्ता. हा /३२ आग्रहाने सांगावा लागतो. उज्जैनच्या राउटरवर जुन्या कॉन्फिगरेशनमधून आलेला /२४ मास्क राहिला होता. ओएसपीएफ लूपबॅक इंटरफेस आपणहून /३२ म्हणूनच जाहीर करतो, मास्क काहीही असो. लेबले वाटणारा एलडीपी मात्र त्या राउटरच्या स्वतःच्या टेबलातल्या /२४ ला लेबल देतो. शेजाऱ्याच्या टेबलात १०.२५५.०.३/३२ आहे आणि उज्जैनकडून त्या /३२ साठी लेबलच आलेले नाही. परिणाम असा की उज्जैनचे रूट सगळीकडे व्यवस्थित दिसतात, लूपबॅक ते लूपबॅक पिंग लागतो, आणि बँकेचे एकही पॅकेट उज्जैनला पोचत नाही.

हे पकडायचे ते ‘शो एमपीएलएस फॉरवर्डिंग-टेबल’ मध्ये, आणि तेही उज्जैनच्या एक टप्पा आधीच्या राउटरवर. तिथे ‘पॉप लेबल’ असेल तर ठीक. शेवटून दुसऱ्या राउटरने वरचे लेबल काढून टाकायचे असते, ते काम चालू आहे. ‘नो लेबल’ असेल तर रस्ता तिथे तुटला. दोन्ही शब्द घाईत सारखेच वाटतात आणि अर्थ अगदी उलटे आहेत. लूपबॅक इंटरफेसवर ओएसपीएफचा पॉइंट-टू-पॉइंट हा नेटवर्क प्रकार लावूनही /२४ जाहीर करता येतो आणि लेबल जुळते, पण मग प्रत्येक लूपबॅकला वेगळा /२४ लागतो. मास्क सुधारणे सोपे. याच कारणाने कोअरमध्ये लूपबॅकचे समरायझेशन (अनेक पत्ते एकाच मोठ्या रूटमध्ये गोळा करणे) कधी करू नये. जिथे समरी तयार होते तिथेच लेबलचा रस्ता संपतो.

तपासणीचे खरे साधन एलएसपी (म्हणजे लेबलचा रस्ता) पिंग. ‘पिंग एमपीएलएस आयपीव्ही४ १०.२५५.०.३/३२’. याच्या पॅकेटमधला गंतव्य पत्ता १२७ ने सुरू होणारा असतो, पोर्ट यूडीपी ३५०३. १२७ चा पत्ता कोणताही राउटर पुढे पाठवत नाही, त्यामुळे लेबल जिथे गळेल तिथेच पॅकेट थांबते आणि साध्या आयपीने पुढे निसटू शकत नाही. प्रत्येक पीईवरून बाकीच्या प्रत्येक पीईकडे हा पिंग यशस्वी झाल्याशिवाय व्हीआरएफला हात लावायचा नाही, असा नियम आम्ही ठेवला. उलट दिशेनेही करायचा, कारण एलएसपी एकतर्फी असतो. इंदूरहून ग्वाल्हेर ठीक म्हणजे ग्वाल्हेरहून इंदूर ठीक, असे मुळीच नाही.

एलडीपीबद्दल दोन बारीक गोष्टी. शेजारी शोधण्यासाठी तो २२४.०.०.२ या पत्त्यावर यूडीपी ६४६ वापरतो आणि मग सत्र टीसीपी ६४६ वर उभे राहते. कोअरवर अ‍ॅक्सेस-लिस्ट असेल तर दोन्ही उघडावे लागतात, आणि टीसीपी दोन्ही दिशांनी, कारण ज्याचा ट्रान्सपोर्ट पत्ता मोठा तो जोडणी सुरू करतो. शेजारी दिसतो पण सत्र होत नाही, असे असेल तर आधी हेच बघावे. दुसरे, ‘एमपीएलएस एलडीपी राउटर-आयडी लूपबॅक०’ च्या पुढे ‘फोर्स’ लिहावे. नाहीतर आधी निवडलेली आयडी ज्या इंटरफेसची, तो पडेपर्यंत तशीच राहते.

आता एमटीयू, म्हणजे एका खेपेत जाऊ शकणाऱ्या पॅकेटचा कमाल आकार. एका लेबलला ४ बाइट: २० बिट लेबल, ३ बिट प्राधान्य, १ बिट तळ दाखवायला, ८ बिट टीटीएल. व्हीपीएनला दोन लेबले लागतात, म्हणजे १५०० बाइटचे पॅकेट १५०८ होते. ट्रॅफिक इंजिनिअरिंगचा फास्ट-रीरूट चालू असेल तर तिसरे लेबल, १५१२. आम्ही कोअरच्या प्रत्येक इंटरफेसवर ९००० ठेवले. इथे कंपन्यांची मोजण्याची रीत वेगळी आहे. सिस्कोच्या आयओएसमध्ये इंटरफेसच्या एमटीयूत इथरनेटचे शीर्ष धरत नाहीत. जुनिपरच्या जुनॉसमध्ये आणि सिस्कोच्याच आयओएस-एक्सआरमध्ये ते १४ बाइट धरतात. म्हणून एका टोकाला ९००० तर दुसऱ्या टोकाला ९०१४ लिहावे लागते. चुकले तर ओएसपीएफ ‘एक्सस्टार्ट’ या सुरुवातीच्या अवस्थेत अडकून बसतो. हे एक परीने बरेच, कारण तो दोष लपत नाही.

लपला तो दुसराच. भोपाळ आणि ग्वाल्हेरच्या मधला एक तुकडा भाड्याच्या इथरनेटचा होता. दोन्ही टोकांच्या राउटरवर ९००० लिहिलेले, पण मधला स्विच १५०० च्या वर काही सोडत नव्हता आणि मोठी फ्रेम न कळवता टाकून देत होता. राउटरला वाटते रस्ता रुंद आहे, म्हणून तो ‘तुकडे करा’ असा निरोपही मागे पाठवत नाही. ओएसपीएफ उभा, कारण लहान जाळ्यात त्याची पॅकेट लहानच असतात. एलडीपी उभा, बीजीपी (ग्राहकाचे रूट पीईंमध्ये नेणारा) उभा, पिंग चालू. ग्वाल्हेरच्या शाखेतून फोन: “साहेब, लॉगिन होतंय, पिंग पण येतोय. फक्त दिवसाचा रिपोर्ट काढला की स्क्रीन तिथेच थांबते हो.” ‘पिंग येतो, लॉगिन होते, मोठे काही अडकते’ हे ऐकले की एमटीयूशिवाय दुसरा विचार करू नये.

मोजायचे कसे? व्हीआरएफमधून डीएफ (‘तुकडे करू नका’) बिट लावून पिंग, आकार १४८० पासून १५०० पर्यंत एकेक बाइट वाढवत. आयओएसमध्ये आकार म्हणजे पूर्ण आयपी पॅकेट. विंडोजवर ‘-एल’ पुढे लिहायचा आकडा फक्त आतल्या माहितीचा, त्यात २८ मिळवायचे. म्हणजे १४७२ लिहिले की १५०० चे पॅकेट जाते. या फरकामुळे शाखेतला माणूस आणि आपण फोनवर वेगवेगळ्या आकड्यांबद्दल बोलत राहतो. पिंग कुठल्या आकड्यावर तुटतो यावरून जागाही कळते. १४९२ पर्यंत जातो आणि १४९३ ला तुटतो, तर अरुंद तुकड्यावर दोन लेबले आहेत. १४९६ पर्यंत गेला तर तिथे एकच लेबल आहे, म्हणजे तो तुकडा शेवटच्या पीईच्या अगदी आधीचा. १४८८ असेल तर तीन. आमच्याकडे १४९२ आले, आणि त्यावरून शेवटचा टप्पा लगेच बाजूला काढता आला.

तुकड्याच्या मालकाकडून एमटीयू वाढवून मिळेपर्यंत सीईवर टीसीपीचा एमएसएस (एका पॅकेटातली कमाल माहिती) १४५२ केला: १५०० मधून लेबलचे ८ आणि आयपी-टीसीपीच्या शीर्षांचे ४० वजा. रिपोर्ट लगेच निघाले. पण हा तात्पुरता टेकू आहे, मोठ्या यूडीपी पॅकेटला त्याचा काही उपयोग नाही. बँकेने वरून आयपीसेक (पॅकेट सांकेतिक करणारा थर) टाकला तर आणखी जागा जाते, तेव्हा तो हिशेब नव्याने करावा लागतो. आणि आयपीसेक टाकावाच. एमपीएलएस व्हीपीएन ग्राहकांना एकमेकांपासून वेगळे ठेवतो, माहिती सांकेतिक करत नाही. विक्रीच्या कागदांत ‘सुरक्षित’ हा शब्द फार सैल वापरलेला असतो.

खालचा थर झाला, मग आकड्यांचे नियोजन. आरडी (रूट डिस्टिंग्विशर) आणि आरटी (रूट टार्गेट) दिसायला सारखेच, म्हणून नवखे लोक दोन्हीला एकच आकडा देतात आणि पुढे दोन्हींचे काम एकच समजतात. आरडी हा ६४ बिटांचा उपसर्ग. ग्राहकाच्या ३२ बिट पत्त्यापुढे तो लावला की ९६ बिटांचा व्हीपीएनव्ही४ पत्ता होतो आणि दोन ग्राहकांचे १९२.१६८.१.० एकमेकांत मिसळत नाहीत. एवढेच त्याचे काम. कोणता रूट कोणत्या व्हीआरएफमध्ये जायचा ते ठरवतो आरटी, जो बीजीपीच्या विस्तारित कम्युनिटीत प्रवास करतो.

आरडी प्रत्येक पीईला वेगळा द्यावा, हे आमचे ठाम मत. बँकेचे मुख्य कार्यालय दोन्ही पीईंना जोडलेले. दोघांना एकच आरडी दिला तर रूट रिफ्लेक्टरला (सगळ्या पीईंचे रूट घेऊन इतरांना वाटणाऱ्या राउटरला) तो एकच मार्ग दोन ठिकाणांहून आल्यासारखा दिसतो, तो त्यातला एक निवडतो आणि दुसरा पुढे पाठवतच नाही. दुसरी जोडणी उभी असून निकामी. पहिला पीई पडला की बीजीपी नव्याने निवड करेपर्यंत शाखा थांबतात. म्हणून आरडी लूपबॅकवरून: १०.२५५.०.१:१२० आणि १०.२५५.०.२:१२०. आरटी मात्र दोघांचा समान. आयओएसवर चालू व्हीआरएफचा आरडी बदलायचा तर आधीचा काढावा लागतो, आणि त्याबरोबर त्या व्हीआरएफचे बीजीपी कॉन्फिगरेशनही जाते. तेव्हा हा आकडा कागदावर नीट ठरवूनच लिहावा. पुढच्या उदाहरणांत आमचा एएस (बीजीपीतला जाळ्याचा क्रमांक) ६४५०० धरला आहे, दस्तऐवजांसाठी राखलेल्या आकड्यांपैकी.

बँकेची अट होती: शाखा शाखेशी थेट बोलणार नाही, सगळे इंदूरच्या फायरवॉलमधून जाईल. म्हणजे हब (इंदूर) आणि स्पोक (शाखा). शाखा ६४५००:१२०२ निर्यात करते आणि ६४५००:१२०१ आयात, हबकडे उलट. कागदावर दोन ओळींचे काम, पण दोन जागी ते फुटते.

पहिली जागा: देवास आणि पीथमपूर दोन्ही इंदूरच्या पीई-२ वर येतात. दोघे एकाच व्हीआरएफमध्ये बसवले तर आरटी काहीही असो, एकाच टेबलात असल्यामुळे ते थेट बोलतात आणि फायरवॉलला पत्ताही लागत नाही. काही बंद पडत नाही, म्हणून तक्रारही येत नाही. हा दोष लेखापरीक्षणात सापडतो, त्याआधी नाही. एका पीईवर जितक्या शाखा तितके व्हीआरएफ करावे लागतात.

दुसरी जागा हबची. आम्ही हबच्या सीईकडून शाखांना फक्त डिफॉल्ट रूट (‘बाकी सगळे इकडे पाठवा’ असा) दिला. शाखांना बाकी काही लागत नाही. शिवाय सगळ्या शाखांचा एएस ६५०१० एकच ठेवता येतो, एएस-ओव्हरराइड आणि अलाऊएएस-इनची (स्वतःच्याच एएसचा रूट बीजीपीने नाकारू नये म्हणून करायची) कसरत टळते. प्रश्न असा की हबच्या पीईवर एक व्हीआरएफ पुरतो का? उत्तर लेबल कसे वाटले जाते यावर आहे. लेबल प्रत्येक रूटला किंवा प्रत्येक सीईला वेगळे असेल, तर डिफॉल्ट रूटच्या लेबलाने आलेले पॅकेट सरळ फायरवॉलकडे जाते. पण पूर्ण व्हीआरएफला एकच लेबल असेल, तर पीई लेबल काढून पुन्हा टेबलात बघतो, तिथे उज्जैनचा रूट त्याला दिसतो आणि तो पॅकेट तिथूनच उज्जैनला वळवतो. जुनॉसमध्ये ‘व्हीआरएफ-टेबल-लेबल’ ही एक ओळ लिहिली की नेमके हे होते. राउटर बदलला की वागणूक बदलेल, अशा रचनेवर बँकेचे काम सोडू नये. आम्ही हबला दोन व्हीआरएफ आणि दोन सब-इंटरफेस केले: एकात शाखांचे रूट आयात होतात आणि हबकडे जातात, दुसऱ्यातून फक्त डिफॉल्ट बाहेर जातो.

व्हीपीएनव्ही४ बीजीपी दोन रूट रिफ्लेक्टरमार्फत. शेजारपण लूपबॅकवरूनच करावे. इंटरफेसच्या पत्त्यावरून केले तर पुढचा टप्पा म्हणून तो इंटरफेस जाहीर होतो; ते सबनेट शेजारच्या पी राउटरलाही जोडलेले असल्यामुळे वरचे लेबल एक टप्पा आधीच काढले जाते, आणि व्हीपीएनचे लेबल अशा राउटरपुढे उघडे पडते ज्याला ते ओळखीचे नाही. ‘सेंड-कम्युनिटी एक्स्टेंडेड’ आयओएस व्हीपीएनव्ही४ मध्ये आपणहून टाकतो, तरी नजर टाकावी. ती ओळ गेली की आरटी गळतो आणि रूट पलीकडे पोचून फेकला जातो. रिफ्लेक्टर जुनॉसचा असेल तर त्याच्या ‘आयनेट.३’ या लेबल-मार्गांच्या टेबलात पुढच्या टप्प्याचा मार्ग हवा. तो फक्त रूट वाटणारा, रहदारी न वाहणारा राउटर असला तरीही. नसेल तर सगळे रूट ‘हिडन’ राहतात.

उज्जैनला एक वेगळाच पेच. शाखेची मुख्य कार्यालयाशी जुनी थेट लाइन होती आणि तीवर ओएसपीएफ. पीई आणि सीईमध्येही ओएसपीएफ ठेवला असता तर व्हीपीएनवरून आलेले रूट एरियाबाहेरचे ठरले असते आणि जुन्या लाइनवरचे एरियाच्या आतले. ओएसपीएफ आतलेच निवडतो, कॉस्ट कितीही असो. नवी लाइन रिकामी, जुनी तुडुंब. शॅम-लिंक (दोन पीईंमधली, एरियाच्या आतली समजली जाणारी मानीव जोडणी) हा त्यावरचा अधिकृत उपाय आहे. आम्ही सीईशी बीजीपी केला आणि जुनी लाइन राखीव ठेवली.

बडोद्याची शाखा दुसऱ्या सेवादात्याच्या जाळ्यात. दोन जाळी जोडण्याच्या तीन रीती आरएफसीमध्येच आहेत: अ मध्ये दोन्हींचे कडेचे राउटर एकमेकांना सीई समजतात आणि प्रत्येक व्हीपीएनला एक व्हीलॅन; ब मध्ये ते एकमेकांना लेबलसह व्हीपीएनव्ही४ रूट देतात; क मध्ये कडेचे राउटर फक्त लूपबॅक वाहतात आणि व्हीपीएनव्ही४ रिफ्लेक्टर ते रिफ्लेक्टर जाते. व्हीपीएन मूठभर असतील तर अ. सांध्यावर लेबल नाही, म्हणून एमटीयूची कटकट नाही. प्रत्येक ग्राहकाची मर्यादा वेगळी लावता येते. बिघाड झाला तर कुणाच्या बाजूला हे साध्या पिंगने कळते, इथे तो खरे बोलतो. व्हीपीएन शेकड्यांनी वाढले की व्हीलॅनचा हिशेब नकोसा होतो, तेव्हा ब. त्यात कडेच्या राउटरवर व्हीआरएफ नसतात, म्हणून ‘नो बीजीपी डिफॉल्ट रूट-टार्गेट फिल्टर’ लिहावे लागते, नाहीतर तो येणारे सगळे रूट फेकून देतो. अ मध्ये न विसरायची गोष्ट म्हणजे ‘मॅक्सिमम-प्रीफिक्स’, किती रूट घ्यायचे याची मर्यादा. बँकेचे रूट मोजके. पलीकडून चुकून हजारो आले तर सत्र पडलेले परवडते. प्राधान्याच्या खुणाही ठरवून घ्याव्यात: आत ३ बिट लेबलमध्ये, सांध्यावर आयपी शीर्षातल्या डीएससीपीमध्ये. पलीकडचा सगळे शून्य करत असेल तर बडोद्याचा आवाज तुटतो आणि दोष आपल्या माथी येतो.

शेवटची चाचणी रस्ता तोडण्याची, रात्री, बँकेला कळवून. एबी रोडवर रस्त्याचे काम कायमचेच, जेसीबीचा दात फायबरला कधी लागेल सांगता येत नाही. फायबर तुटल्यावर सहसा काही अडत नाही, रहदारी भोपाळकडून जाते. घोळ होतो तो फायबर जोडल्यावर. ओएसपीएफ काही सेकंदांत उभा राहून सगळी रहदारी गुनामार्गे ओढतो, एलडीपीचे सत्र आणि लेबले मात्र अजून यायची असतात. तेवढा वेळ व्हीपीएनची पॅकेट खड्ड्यात. लूपबॅकचा पिंग अर्थात चालूच. ओएसपीएफखाली ‘एमपीएलएस एलडीपी सिंक’ लिहिले की लेबले येईपर्यंत त्या जोडणीची कॉस्ट ६५५३५ राहते आणि रहदारी भोपाळवरच थांबते. सोबत एलडीपीचे सेशन प्रोटेक्शनही लावले, म्हणजे लहान तुटीत सत्र पडत नाही.

चाचणी करताना तीन पिंग एकाच वेळी चालू ठेवले: लूपबॅकवर साधा, त्याच लूपबॅकवर एलएसपी पिंग, आणि व्हीआरएफमधून १५०० बाइट, डीएफसह. तिन्ही सारखे वागले तरच पास. वेळही नोंदवली. फायबरमध्ये प्रकाशाला किलोमीटरला सुमारे ५ मायक्रोसेकंद लागतात. इंदूर-ग्वाल्हेर साधारण ५०० किलोमीटर धरले तर जाऊन-येऊन ५ मिलिसेकंद, फायबरचे वळसे आणि राउटर धरून थोडे जास्त. ३० च्या आसपास दिसू लागले तर रहदारी कुठल्या तरी महानगराला वळसा घालून येते आहे. सिंकची ओळ प्रत्येक जोडणीच्या दोन्ही टोकांना लागते. एकाच टोकाला लिहिली तर दुसऱ्या टोकाकडून येणारी रहदारी त्या खड्ड्यात पडतच राहते.